ठिगळ नको म्हणणारे रफूवाले मास्तर

रफूवाल्या मास्तरांच्या दुकानात ठिगळ मिळत नसे. कोटाला भोक पडलेलं असो की शाल उंदराने कुरतडलेली असो, ते त्याच कापडाच्या दुमडीतला धागा काढायचे आणि असं विणायचे की मालकालाच भोक सापडू नये. कोणी घाईत म्हणालं, "लावून टाका एखादं ठिगळ," की कपडा परत. ताठा असा, की विचारू नका.

घरी बायको, लकवा झाल्यापासून अंथरुणाला खिळलेली. रोज दुपारी मास्तर घरी येऊन तिला दोन्ही हातांवर उचलायचे आणि खिडकीतल्या खुर्चीत बसवायचे. खाली बसथांबा होता. कोण कोणाशी भांडलं, कोणाची बस चुकली, सगळं ती रंगवून सांगायची. तिला सुख म्हणाल तर तेवढंच.

"जपून हो, पोतं नाही मी," ती म्हणायची.

"पोतं गप्प तरी बसतं," हे म्हणायचे.

अशा उचलण्यातच त्यांच्या बेंबीपाशी गाठ आली. खोकलं की बाहेर, निजलं की आत. हर्निया. सर्जनबाईंनी नीट समजावलं. पोटाची भिंत फाटलीय, नुसत्या टाक्यांनी कडा ओढून शिवता येतील, पण ताण पडून पुन्हा उसवण्याची भीती जास्त. त्यापेक्षा जाळी लावू. एक तर चीर देऊन, नाहीतर दुर्बिणीने. दुर्बिणीची जखम लहान, मात्र पूर्ण भूल द्यावी लागेल.

मास्तरांनी एवढंच ऐकलं, की जाळी म्हणजे ठिगळ. "टाकेच घाला," म्हणाले.

बायकोनेही सांगून पाहिलं. "अहो, तुमचं पोट म्हणजे गिऱ्हाइकाचा कोट आहे का? लावू द्या की ठिगळ. कोण बघायला येतंय?"

पण ऐकतील तर मास्तर कसले! टाकेच घातले गेले.

व्रण सुरेख भरला. जड उचलायचं नाही तोवर तिला उचलायला मेहुणा येत होता. मग त्याची बदली झाली आणि मास्तरांनी पुन्हा हात घातला. एका दुपारी ती हातांवर असतानाच पोटात काहीतरी सुटलं. मास्तरांनी तिला अलगद खुर्चीत ठेवलं आणि घामाघूम होऊन भिंतीला टेकले. विरलेल्या कापडावर घट्ट टाका घेतला की टाका राहतो, कापड सुटतं. हेच सांगून त्यांनी किती गिऱ्हाइकं परत पाठवली होती. स्वतःच्या पोटाच्या वेळी मात्र अक्कल कुठे गेली होती, देव जाणे.

सर्जनबाई रागावल्या नाहीत, तेच त्यांना जास्त लागलं. आता जाळीच लावायची, पण दुसऱ्यांदाचं काम अवघड, आणि त्यानंतर माणूस उचलणं कायमचं बंद. मास्तर घरी काही बोलले नाहीत. पोटाला पट्टा आवळून बांधला आणि तिच्याजवळ वाकले. तिचा धड असलेला हात त्यांच्या पोटावरच्या पट्ट्याला लागला, तिथेच क्षणभर थांबला.

"आज नको खिडकी," ती म्हणाली. "उजेड डोळ्यांना लागतो."

"पडदा ओढतो अर्धा."

"नको म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलंच नाही. खाली बस थांबली, कोणीतरी तावातावाने भांडू लागलं. तिने मान त्या बाजूला वळवली. मास्तर खिडकीशी गेले आणि कोण भांडतंय ते तिला सांगू लागले. त्यांना ते तिच्यासारखं रंगवून सांगता येत नव्हतं.