विहिरीतली हायड्रिला

डोंबिवलीला आमच्या विहिरीत पाण्याखाली एक हिरवी वनस्पती दाटून वाढायची. बायका तिला शेवाळ म्हणत आणि अण्णांच्या कपाळाला आठी पडे. "शेवाळ नव्हे, हायड्रिला," ते तिथल्या तिथे सुधारत. अण्णा म्हणजे माझे वडील; ते ठाण्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे आणि घरी आल्यावरही शिकवायचं थांबवत नसत. खिडकीतल्या उन्हात, पाण्याच्या ग्लासात त्या वनस्पतीची एक काडी बुडवलेली असे. तिच्यातून बारीक बुडबुडे वर येत. माझा धाकटा भाऊ हनुवटी टेकून ते बघत बसायचा. "झाड श्वास सोडतंय," तो म्हणायचा. त्याला मात्र अण्णा कधी सुधारत नसत.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी आसपासच्या गावांत पटकीची साथ आली. सरकारी माणसं विहिरीत ब्लीचिंग पावडर ओतून गेली. वासाने नाकं मुरडणाऱ्या बायकांना अण्णांनीच समजावलं. पण काही दिवसांनी हायड्रिलाची पानं पांढरी पडली, मऊ होऊन वर तरंगू लागली. अण्णांनी एक काडी आणून ग्लासात ठेवली. बुडबुडा येईना.

"पावडर जास्त पडलीय," ते म्हणाले. "झाडाला सोसत नाही ते पाणी पोरांना पाजायचं?"

"अहो, सगळे पितायत की. वाससुद्धा गेला आता," आई म्हणाली.

"वासाचं काय घेऊन बसलीस? पान बघ!"

रुळांपलीकडे भातखाचरांच्या कडेला एक तळं होतं. तिथे हायड्रिला नुसती माजलेली. अण्णा शाळेत जाण्याआधी स्वतः तिथून कळशा आणू लागले. आम्ही ते पाणी फडक्याने गाळून प्यायचो. शेजारी अडाण्यासारखे विहिरीचं पितात, याची मला कीव यायची.

भावाला ताप आला आणि उतरेचना. विषमज्वर, डॉक्टर म्हणाले. पाणी कुठलं, असं त्यांनी विचारलं आणि तळ्याचं ऐकल्यावर, यापुढे थेंबही उकळल्याशिवाय पिऊ नका, असं बजावलं. भाऊ गेला. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "विहिरीत विष होतं, मी तरी काय करणार होतो?" अण्णा आल्यागेल्याला सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत. त्या एका वाक्यावर ते पुढची सगळी वर्षं तगले.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं. एका रविवारी अण्णांनी विचारलं, "त्या पावडरीने पानाचं नेमकं काय होतं गं?"

मला कोण आनंद झाला! मी सांगत सुटले. क्लोरीन पानातल्या पेशी जाळतो, हिरवा रंग मोडतो, मग पानाला अन्न करता येत नाही, म्हणून बुडबुडे थांबतात. घाव पहिल्याच दिवशी बसतो, पण पान पांढरं पडायला वेळ लागतो. तोवर उघड्या विहिरीतला क्लोरीन उन्हाने...

मी थांबले. उशीर झाला होता. अण्णा आयुष्यभर शास्त्र शिकवत आले होते.

"म्हणजे पान पांढरं दिसलं," ते सावकाश म्हणाले, "तेव्हा पाणी..."

"चांगलं झालं होतं, अण्णा."

स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती. अण्णांनी तिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"तिला सांगू नकोस."