उत्तराच्या मंडळात

प्रभाकर आगटे कळव्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहा महिने ‘सुप्रभात’ येत राहिलं, मग तेही थांबलं. डोंबिवलीच्या घरी ते पेपर वाचायचे, जेवायचे, पडायचे.

पत्नी उत्तरा म्हणायची, “अहो, ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बसा तरी.”

“मला तिथं कोण ओळखतं?”

उत्तराला सगळे ओळखत. दर गुरुवारी दुपारी ती देवळात बायकांच्या भजनी मंडळाला जायची.

गेल्या फाल्गुनात ती अचानक गेली. तेराव्यानंतर मुलगा सुश्रुत बंगळुरूला परतला. प्रभाकरांना रडू आलं नाही. काहीच आलं नाही. दुधाची एक पिशवी कमी करायला सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. फ्रिजमध्ये पिशव्या साठत गेल्या.

एका सकाळी मंडळाच्या कल्पिताताई दारात उभ्या.

“भाऊजी, भजनांची वही उत्तराकडे होती. मिळेल का?”

वही कपाटात सापडली. अक्षर बारीक, शाई उडालेली. कल्पिताताईंनी ती लांब धरून पाहिली. “निम्म्या जणींना मोतीबिंदू. आता हे वाचायचं कसं?”

“ठेवून जा. मोठ्या अक्षरात काढून देतो,” प्रभाकर म्हणाले. असं का म्हणालो, ते त्यांनाही कळलं नाही.

पट्टीनं रेघा आखून त्यांनी मोठ्या कागदांवर बोटभर उंचीची अक्षरं काढली. गुरुवारी कागद द्यायला गेले, तर बायकांनी बसवूनच घेतलं.

“जरा वर धरा, भाऊजी. हां, अस्सं.”

तासभर कागद धरून हात भरून आले. उत्तरा खांबाला टेकून बसायची, त्या जागी दुसरीच कोणी बसली होती. ते त्यांना दिसलं. वाईट वाटलं नाही. शिऱ्याचा प्रसाद खाऊन ते घरी आले.

पुढच्या गुरुवारीही गेले. मग जातच राहिले. गात नसत.

“तिथं बरं वाटतं का, बाबा?” सुश्रुतनं फोनवर विचारलं.

“बरं असं नाही. जातो.”

श्रावणात दोन दिवस ताप होता, म्हणून एक गुरुवार चुकला. संध्याकाळी बेल वाजली. कल्पिताताई आणि आणखी एक बाई, हातात खिचडीचा डबा.

“आला नाहीत ते! आम्ही सुरू न करता थांबलो होतो.”

“किती वेळ?”

“दहाएक मिनिटं. मग म्हटलं, काहीतरी झालंय.”

प्रभाकर दारातून बाजूला झाले. दोघी सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. ते खुर्चीत बसून राहिले. आत भांडी वाजत होती, आल्याच्या तुकड्यावरून दोघींची हुज्जत चालली होती.

“साखर कुठं ठेवलीय हो?”

“दुसऱ्या फळीवर,” प्रभाकर म्हणाले. मग मोठ्यानं, “माझ्या चहात कमी घाला.”