चढावर थांबणारी गाडी

बातमी सुनंदाच्या मुलीनं, प्राचीनं, सकाळी साडेसहाला फोनवर सांगितली. "मावशी, आई गेली... झोपेतच." आणि खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. दहा वाजता आम्ही दोघी नव्या गाडीचा ब्रेक बघायला जाणार होतो. इतक्या वर्षांत या बाईनं दिलेली वेळ कधी चुकवली नव्हती. मला पाच मिनिटं उशीर झाला तर फाटकातच ऐकवायची, "या, घड्याळ दुरुस्तीला टाकलंय वाटतं." आणि आता स्वतःच अशी न सांगता निघून गेली! फोन ठेवून मी तिला मनसोक्त शिव्या दिल्या, मग कुठे हुंदका फुटला. आज दीड महिना झाला. राग अजून पुरता गेलेला नाही.

आमची ओळख मी तिला नकार दिला त्यातून झाली. मी बँकेत कर्ज विभागात होते. सुनंदा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवायची. पेट्रोलची जुनी रिक्षा बॅटरीवर चालवायचं तिनं ठरवलं होतं आणि त्यासाठी कर्ज हवं होतं. अर्ज नीटनेटका, आकृत्या सुबक, पण शेवटच्या पानावर ठळक अक्षरात मथळा, 'या रिक्षात काय जमत नाही'. खाली सात दोष, क्रमवार. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, बाई, कर्जाच्या अर्जात कुणी स्वतःच्या वस्तूची खोट लिहितं का? तर शांतपणे म्हणाली, "मग बाकीचे काय करतात? तुम्हाला फसवतात?" कप्पाळ माझं! तारणही नव्हतं. मी अर्ज नामंजूर केला. आठवड्यानं ही परत दारात हजर. मला वाटलं, भांडायला आली. तर आभार मानायला आली होती. बाकीच्या बँकांनी 'बघू, बघू' करत सहा महिने फिरवलं होतं, मी आठ दिवसांत स्पष्ट नाही म्हटलं याचं तिला कोण कौतुक! निघताना कळलं की वारज्यात आम्ही एकाच गल्लीत राहतो. मी चढाच्या तळाशी, ती बरीच वर. मग काय, दर रविवारी तिच्याकडे जाणं सुरू झालं.

तिचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देवांच्या रिकाम्या झालेल्या कोनाड्यात हत्यारांची पेटी ठेवली, असं ती अभिमानानं सांगायची. ती पेटी तिच्याकडे आली होती आणि तिला हात लावायचा तर आधी हात धुवायला लागायचे. रिक्षा काही पुढे गेली नाही, पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली. पण सुनंदाच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नसायचा. निवृत्त झाली त्याच महिन्यात तिला दुसरं काम सापडलं. ते काम म्हणजे मंदाबाईंचे गुडघे.

मंदाबाई आमच्या गल्लीतला कचरा गोळा करतात. ओला-सुका डब्यांनी भरलेली हातगाडी रेटत तो उभा चढ चढायचा, रोज. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे असंच चाललं तर दोन-तीन वर्षांत चालणंही अवघड होईल. आणि गल्ली सोडली तर दुसरी मिळण्यासारखी नव्हती, सपाटीवरच्या सगळ्या गल्ल्या दुसऱ्या बायकांकडे होत्या. मंदाबाईंच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. सुनंदानं हे ऐकलं आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. हातगाडीला चाकात बसणारी मोटर आणि बॅटरी लावायची, बस.

पैसे कुठून आले? आमच्या भिशीतून. आम्ही दहा जणी दरमहा सारखी रक्कम काढतो, चिठ्ठी टाकतो, जिचं नाव निघेल तिला सगळी भिशी. बाकीच्यांची चिठ्ठी निघाली की घरात मिक्सर आले, सुनंदाची निघाली तेव्हा हिच्या घरात मोटर आली. पैसे पुरले नाहीत तेव्हा पुढच्या महिन्यात जिची चिठ्ठी निघाली तिनं न मागता भिशी सुनंदाला देऊन टाकली. त्यानंतरच्या महिन्यात दुसरीनं. मी जन्मभर तारण मागत आलेली बाई, माझा जीव वरखाली होत होता. "काहीतरी लिहून तरी घ्या गं!" म्हटलं तर सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच चोर. पण एक झालं. पैसे दिले म्हटल्यावर दहाही जणी गाडीच्या मालकिणी झाल्या. एक म्हणे रंग डाळिंबी हवा, एक म्हणे हॉर्न मंजुळ हवा. सुनंदा सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि तिला हवं तेच करायची.

गाडी तयार झाली आणि प्राचीनं ओळखीतून हिंजवडीचा एक तरुण बोलावला. नव्या उद्योगांत पैसे घालणं हे त्याचं काम. चांगला मुलगा होता हो, पण त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारून विचारलं, "मॅडम, यात अ‍ॅप कुठे आहे?" सुनंदा म्हणाली, "कचऱ्यात." मी मागून तिला चिमटा काढला. मग तिनं सवयीनं दोषांचं पान वाचायला घेतलं. ते ऐकून आमच्या मालकिणी अस्वस्थ झाल्या. आपली गाडी काय ताकदीची आहे ते याला दाखवायलाच हवं, असं म्हणत चौघीजणी त्या धुतलेल्या, हळदीकुंकू लावलेल्या गाडीवर चढून बसल्या. सुनंदा 'अगं, अगं' करेपर्यंत एकीनं बटण दाबलं आणि गाडी निघालीसुद्धा. अर्धा चढ झोकात चढली. मग मोटर घरघरली, थांबली आणि गाडी मागे घरंगळायला लागली. चौघींनी पटापट उड्या टाकल्या, एकीची चप्पल थेट त्या मुलाच्या पायाशी. मी आणि सुनंदा धावत जाऊन दांडा धरून लोंबकळतोय... तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या मंदाबाईंनी पायानं एक दगड चाकाखाली सरकवला. गाडी थांबली.

मुलगा नम्रपणे निघून गेला. आम्ही सगळ्या पायरीवर बसून आधी तोंड लपवलं आणि मग हसत सुटलो. हसली नाही ती सुनंदा. ती त्या दगडाकडे बघत होती. तिनं मंदाबाईंना विचारलं की असा दगड रोज लावायला लागतो का.

"दर फाटकाला," मंदाबाई म्हणाल्या. "म्याडम, चढणं मला मारत न्हाई. थांबणं मारतंय. एका हातानं गाडी धरायची, दुसऱ्यानं डबा रिकामा करायचा. सगळा भार गुडघ्यावर येतोय."

सुनंदानं कपाळावर हात मारला. दोन वर्षं ती गाडी चढवायच्या मागे होती आणि मंदाबाईंना विचारायचं मात्र तिला सुचलं नव्हतं! त्याच दिवशी तिनं गाडी उघडली. आता दांडा दाबला तरच गाडी चालणार, सोडला की चाकं जागच्या जागी घट्ट. आणि मग तिला आणखी एक कळलं, जे इतकं सोपं होतं की ती स्वतःवरच चिडली. मंदाबाई खालून सुरुवात करायच्या, म्हणजे गाडी भरत जाणार आणि चढ वाढत जाणार. उलट करायचं. रिकामी गाडी मोटरवर वर न्यायची आणि वरून गोळा करत खाली यायचं. भरलेली गाडी उतरताना मोटर वीज तयार करते, बॅटरी भरते. आज उतरलेल्या कचऱ्याच्या वजनावर उद्याची रिकामी गाडी बरीचशी चढते! हे मला समजावताना तिचा चेहरा बघायला हवा होता. साठीची बाई अंगणात अक्षरशः उड्या मारत होती.

अडचण एकच. तळाच्या घरांचा कचरा आता उशिरा जाणार होता. सोसायटीच्या बैठकीत एका निवृत्त गृहस्थांनी आवाज चढवला, आमचा कचरा आठलाच जातो आणि आठलाच जाईल. मी उठले. म्हटलं, अहो, कचरा आहे तो, त्याला काय कंपनीची बस गाठायचीये? मग घरोघरी फिरले. बँकेच्या कर्जवसुलीत घालवलेली वर्षं त्या आठवड्यात पहिल्यांदा सत्कारणी लागली.

पहिल्या दिवशी मंदाबाई भरल्या गाडीसकट ऐन उतारावर थांबल्या, भीत भीत एक हात सोडला, मग दुसरा. आणि दोन्ही हातांनी पदर नीट खोचला. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलं, पण तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, धूळ गेली. हिंजवडीचा तो मुलगा पुन्हा आला, यावेळी बसल्या बसल्या त्यानं आधी दोषांचं पान मागितलं. आता अशा सहा गाड्या चढांवर चालतात, सातवी तयार होते आहे. मंदाबाईंची गल्ली मंदाबाईंकडेच आहे.

फाटकासमोर गाडी थांबली की सुनंदा त्यांना चहा आणून द्यायची. ती गेल्यावर चौथ्या दिवशी मीच घरून चहा आणि कपबशी घेऊन चढ चढून गेले, तिच्या फाटकाशी उभी राहिले. मंदाबाई वरून आल्या, दांडा सोडला, दोन्ही हातांनी कपबशी घेतली. चहा बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

"साखर जास्त हाय," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "बसा की बाई. दमलाय."

आम्ही सुनंदाच्या पायरीवर बसलो. तिच्याबद्दल बोललो, हसलो, थोड्या रडलो. चांगली पंधरा मिनिटं गेली असतील. फाटकाबाहेर भरलेली गाडी त्या उतारावर एकटी उभी होती आणि आम्ही दोघींनी एकदाही मान वळवून तिच्याकडे पाहिलं नाही.