तार ओढलेली नोट

पाचशेच्या नव्या नोटा बाजारात रुळत होत्या, तेव्हा माझी आखाडा बाळापूरच्या बँकेत बदली झाली. कॅशिअर, बाई आणि वर एकटी. गावाला तिन्ही गोष्टी खटकल्या. भाड्याच्या खोलीत भिंतींशी बोलायचं तेवढं बाकी होतं. खोट्या नोटांची आवई उठलेली, त्यामुळे काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न, "बाई, खरी हाय का?" नोटेची चौकशी सगळ्यांनी केली, माझी कुणीच नाही.

तांड्यावरची एक म्हातारी मात्र दर आठवडी बाजाराला यायची. पुण्याकडे बांधकामावर गेलेल्या लेकानं दिलेली पाचशेची नोट, दर वेळी तीच. तो परत येईपर्यंत ती मोडायची नाही, असं तिनं ठरवलेलं. पण नोट खोटी निघाली तर लेकाला कुणीतरी फसवलं, हा घोर तिला सुटत नव्हता. मी नोट उजेडात धरून कोऱ्या जागेतला चेहरा दाखवायची, चमकती तार दाखवायची, उठावाच्या छपाईवरून तिचा अंगठा फिरवायची. "बराबर," म्हणून ती बाकावर टेकायची आणि शेळ्या, नातवंडं, सुनेचा तोरा, सगळं ऐकवायची. "जेवलात का बाई?" असं विचारणारी गावात ती एकटीच. मी बाजाराच्या दिवसाची लेकरासारखी वाट पाहायची.

एकदा ती रडतच आली. तांड्यावर कुणीतरी अक्कल पाजळली होती, की खऱ्या नोटेची तार अख्खी निघते आणि खोट्या नोटेची तुटते. हिनं सुईनं तार उपसली. तार अख्खी निघाली, पण नोट चिरली.

"खरी हाय बाई, पर आता कोन घ्यील?"

"आम्ही घेतो, आजी."

बाकीच्या खुणा तपासून मी ती नोट नियमात बसवली आणि तिला करकरीत नवी दिली. नेहमीसारखी उजेडात धरून दाखवणार, तोच तिनं ती घडी घालून कमरेच्या पिशवीत टाकली.

"अहो, बघा तरी."

"काहून? तुमी दिली, मंग खरीच असंल."

इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. दिवसभर मी खुशीत होते.

पुढच्या बाजाराला ती आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. आजारी असेल म्हणून तांड्यावरच्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "बाजाराला येती की दर खेपंला. बँकेत आता तिचं काय काम?"