रावजीमामाचं जाम सेशन

माझा मामा रावजी ठार बहिरा आहे. वरकुट्यात पिठाच्या गिरणीवर पस्तीस वर्षं उभा राहिलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? त्याच्याशी बोलायचं तर दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली पाटी काढायची आणि लिहायचं. तो वाचतो, थुंकी लावून पुसतो आणि मग उत्तर देतो. पंचाहत्तरी जवळ आली, तरी आमचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की अजून हसतो.

हा माणूस ऐन विशीत मुंबईत क्लॅरिनेट वाजवायचा, हे गावात कुणाला पटत नाही. बारामतीच्या एका बँडमध्ये तो सिद्धू नावाच्या दोस्ताबरोबर शिकला. दोघं मुंबईला गेले आणि मामा एका हॉटेलातल्या जॅझवाल्यांत शिरला. मुंबईत टीव्ही नुकता आला होता. टीव्हीवाल्यांनी त्या मंडळींना स्टुडिओत बोलावलं. आधी काही ठरवू नका, एकाने सुरू करा, दुसऱ्याने उचला, आम्ही टिपतो, असं सांगितलं. आपल्याकडे भजनात चालतं तसंच; त्याला ते लोक जाम सेशन म्हणत. मामाने आनंदाने घरी पत्र टाकलं, 'शनिवारी जाम सेशन आहे, टीव्हीत घेणार आहेत.'

घरात वाचता येणारी एकटी माझी आई, बानूबाई. चौथी पास, बाळंतपणाला माहेरी आलेली. मी पोटात होतो. माझ्या आजोबांनी, म्हणजे अप्पांनी, तिला विचारलं, जाम म्हणजे काय? आईने रेडिओवरच्या हिंदी गाण्यांत जाम ऐकला होता. दारूचा पेला, म्हणाली. सेशन तर अप्पांनाच ठाऊक होतं. भावकीच्या मारामारीत त्यांनी पुण्याच्या सेशन कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. झालं. गळ्यात माळ असलेल्या बापाने अर्थ लावला, की पोरगं दारूत सापडलं आणि कोर्टात उभं राहिलं. टीव्ही हे कोर्टाचंच एखादं खातं असेल.

पत्र पोचेपर्यंत शनिवार उलटून गेला होता. अप्पा मुंबईला गेले, पोराला दंडाला धरून घेऊन आले आणि त्याची 'पिपाणी' विहिरीत टाकली. दारूला शिवलो नाही म्हणून मामा पाया पडत होता. अप्पा एवढंच म्हणाले, "मला समदं कळलंय." कुणाकडून, ते मरेपर्यंत सांगितलं नाही. आणि आईने भावाला सांगितलं की तुझं पत्र आलंच नाही.

मामाने मनाशी धरलं, चुगली सिद्धूनेच केली. सिद्धू मुंबईत करमेना म्हणून आधीच गावी परतला होता. दुसरं कोण असणार? पन्नास वर्षं मामा त्याच्याशी बोलला नाही. गेल्या वर्षी सिद्धू त्याच्या गावी, कळसला वारला. जाण्याआधी त्याने दोनदा निरोप धाडला होता. मामा त्याच्या मातीलाही गेला नाही. आईला निदान तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं, याचा मला आजही राग येतो.

गेल्या महिन्यात माझी मुलगी छकुली मोबाईलवर जुन्या टीव्हीचा एक तुकडा घेऊन आली. काळा-पांढरा. सात-आठ जण वाजवतायत, आणि कडेच्या पोरग्याची करंगळी वाकडी. लहानपणी बैलगाडीच्या चाकात सापडलेली ती करंगळी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आम्ही आईला घेऊन वरकुट्याला गेलो.

मामा मोबाईल डोळ्याशी धरून बघत राहिला. त्याची बोटं मांडीवर हलत होती. एके ठिकाणी अडखळली, तेव्हा स्वतःवरच चिडला. "वाजतंय का?" त्याने विचारलं. छकुलीने मान हलवली. आई मात्र त्याच्या खांद्यावरून वादकांच्या पायाशी ठेवलेल्या कपबशा बघत होती.

"च्या पित्यात रं समदी," ती म्हणाली.

मग तिने खाली बसून पत्राची सगळी गोष्ट मोठ्याने सांगितली. ती आम्हाला ऐकू आली, ज्याला सांगत होती त्याला नाही. मामा तिच्याकडे बघून हसला. "व्हय, बरं वाजवायचो मी."

आई उठली. खिळ्यावरची पाटी काढली आणि लिहिलं, 'जाम म्हंजी दारू, आसं मीच सांगितलं. सिद्धूनं न्हाय.'

मामाने वाचलं. मोबाईलमध्ये ते वाजवतच होते. त्याने पाटी पुसली नाही. तशीच खिळ्याला टांगली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

त्याला महिना झाला. पाटी अजून तशीच आहे, तिला कुणी हात लावलेला त्याला चालत नाही. त्यामुळे आता मामाला काही सांगायचं असलं, तर लिहायला जागा नाही.