पिसाळकाका आणि एकशे आठ हत्यारं

पिसाळकाकांकडून हत्यार हवं असेल तर पायातली चप्पल त्यांच्या दारात ठेवून जावं लागे. जोडी नाही, एकच. रबाळ्याच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं फिटर होते. तिथे पाना न्यायचा तर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवून जायची पद्धत. निवृत्तीनंतर घणसोलीच्या आमच्या सोसायटीत त्यांनी तोच कायदा चालू ठेवला, फक्त बिल्ल्याच्या जागी चप्पल आली. "दोन्ही ठिवल्या तर माणूस नवा जोड घिऊन मोकळा हुतो," ते म्हणत. "एक ठिवली की सांजच्याला हत्यार घिऊन हजर." एकदा आमचे चेअरमन एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बूट घालून मीटिंगला आले, तेव्हा काकांची हातोडी कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळलं.

मला या प्रकाराचा फार कमीपणा वाटे. चाळिशी उलटलेला माणूस, स्वतःचा फ्लॅट, आणि एक स्क्रू पिळायला लंगडी घालत घरी यायचं. शेवटी मी ऑनलाइन एकशे आठ नगांचा संच मागवला आणि काकांना मुद्दाम बोलावून ती लालभडक प्लास्टिकची पेटी उघडून दाखवली. ते बराच वेळ आत बघत राहिले.

"एकशे आठ? जप करायचाय का काय?"

त्यातली ऐंशी तर स्क्रूड्रायव्हरची सुटी टोकंच होती. त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळू लागला आणि मी संचातला पाना लावला. पान्याचा जबडा फाकला, नटाचे कोपरे गुळगुळीत झाले, आणि आणखी जोर लावल्यावर नळच हातात आला. मी भोकाला तळहात लावून उभा, बायको काकांना बोलवायला धावली. त्यांनी येऊन आधी पाण्याचा कॉक बंद केला, मग पाना उचलून पाहिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पाना न्हवं ह्यो. पान्याचा फोटू हाय."

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. पक्कड मिटून उजेडाकडे धरायची. दातांच्या पुढे, टोकाशी फट दिसली तर खाली ठेवायची. ती एका हाताने उघडली पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. पेटी घेताना दुकानातच भरून उचलायची, कडी बोटाला कापते का बघायला. "मोकळी पेटी कुणीबी उचलतंय," काका म्हणत. मी आणलेल्या तीन पकडी त्यांनी एकामागून एक परत पाठवल्या. दुकानदार मला लांबून ओळखू लागला.

मग काकांच्या गुडघ्यांनी जिना नाकारला आणि त्यांनी कोरेगावकडे, गावी जायचं ठरवलं. खरं सांगतो, माझा डोळा त्यांच्या हिरव्या लोखंडी पेटीवर होता. महिनाभर मी रोज चहाला जाऊन तिच्याकडे बघत बसलो. जायच्या आदल्या दिवशी काका म्हणाले, पेटी गावाला जाणार. "तुला दिली तर जन्मभर माझ्याच हत्यारांनी काम करशील. सवताची कवा निवडणार?" मला वाईट वाटलं, अगदी लहान मुलासारखं.

लगेच मला घेऊन ते तुर्भ्याच्या त्याच दुकानात गेले. "आज ह्यो निवडंल, मी बोलनार न्हाई," असं दुकानदाराला बजावून ते स्टुलावर बसले. मी अकरा पकडी मांडल्या. उजेडाकडे धरल्या, उघडल्या, मिटल्या, परत धरल्या. दुकानदाराने दोनदा घड्याळ पाहिलं. काका पंख्याकडे बघत होते. तासाभराने मी एक पक्कड त्यांच्या हातात दिली.

काकांनी ती मिटून उजेडाकडे धरली, दोनदा उघडझाप केली आणि काउंटरवर ठेवली. इतक्या वर्षांत कुणाच्याही खरेदीला 'चांगली आहे' म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं, तेव्हाही म्हणाले नाहीत. दुकानदाराकडे वळून म्हणाले, "ह्याला जमतंय आता. ह्याच्याकडनंच आनखी एक निवडून घ्या. मला गावाला न्ह्यायची हाय."