लांब दांड्याचा झाडू

मी चौथी शिकलेला माणूस. पण लंडनच्या हाउन्सलोमधल्या आमच्या मराठी ज्येष्ठ मंडळात मला कधी कुणी कमी लेखलं नाही. डॉक्टर, बँकेतल्या मॅडम, अकाउंटंट, सगळ्यांच्या बरोबरीनं बसतो. कारण मी एवढंच सांगत आलो, "कौन्सिलला होतो, रस्त्यांच्या खात्यात." कौन्सिल म्हणजे इथली म्युनिसिपालिटी, तेव्हा खोटं काही नाही त्यात. रस्ते झाडायला होतो, एवढं फक्त सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी कोट घालून, हातात ब्रीफकेस घेऊन घराबाहेर पडायचो. ब्रीफकेसमध्ये आमच्या हिनं दिलेला डबा, दुसरं काही नाही. डेपोत गेलो की कोट लॉकरमध्ये आणि अंगावर पिवळं जॅकेट. मुलांनासुद्धा ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आणि हिला.

लपवलं ते वडिलांपायी. ते मुंबईला म्युनिसिपालिटीत झाडूवाले. आमच्या लोकांच्या माथी ते काम जन्मतःच मारलेलं. मी इकडं निघालो तेव्हा ते म्हणाले होते, "काहीही कर, हमाली कर, पण हातात झाडू धरू नको." मी हो म्हणालो, आणि दोन महिन्यांत झाडूच धरला. ते जाईपर्यंत पत्रात मी खात्याचंच नाव लिहीत राहिलो.

परवा मंडळाची सहल निघाली, मिनीबस करून. एका म्युझियममध्ये व्हिक्टोरियन काळातला आख्खा रस्ता उभा केलाय. पालेभाजीच्या जुड्या विकणारी बाई, बूट पॉलिशवाला, चिंध्या गोळा करणारा म्हातारा, सगळ्यांचे माणसाएवढे पुतळे. आणि कोपऱ्यावर एक झाडूवाला.

तिथली गाइड बाई चांगली समजावून सांगत होती. त्या काळी रस्ते घोड्यांच्या लिदीनं भरलेले. हा माणूस या कडेपासून त्या कडेपर्यंत एक वाट झाडून ठेवायचा, म्हणजे लोकांचे बूट आणि बायकांचे घोळदार झगे बरबटायचे नाहीत. पगार नाही, कुणी हातावर काही टेकवलं तर तेवढंच. पण कोपरा त्याचा. वर्षानुवर्षं तोच कोपरा, तोच माणूस. जाणारे-येणारे त्याला ओळखायचे, चिठ्ठ्या पोचवायला द्यायचे.

मी त्या पुतळ्याकडं बघतच राहिलो. माझाही पट्टा होता की, बस गॅरेजपासून चर्चपर्यंत. बेकरीतली बाई मला बघून चहा ओतायला घ्यायची. एक आंधळे गृहस्थ माझ्या कचऱ्याच्या हातगाडीच्या चाकाच्या कुरकुरीवरून मला ओळखून रस्ता ओलांडायला थांबायचे. एकदा मी चाकाला तेल घातलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पानगळीत माझ्या पट्ट्यावर कुणी घसरून पडलेलं मला आठवत नाही. इतकी माया मी माझ्या अंगणावरही केली नाही.

तेवढ्यात गाइडनं जमिनीवर पेंढा पसरला आणि लांब दांड्याचा झाडू पुढं केला. कुणी करून बघणार का?

आमचे डॉक्टर सगळ्यात आधी. झाडू घेतला, कमरेत वाकले, डावा हात पाठीवर ठेवला आणि घरात केर काढावा तसे सपासप झाडायला लागले. दांडा मागं काचेला लागता लागता राहिला.

"डॉक्टर, कोचाखालचं राहिलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"वहिनींनी चांगलं तयार केलंय हो!"

मग बँकेतल्या मॅडम पुढं झाल्या. त्याही तशाच वाकल्या, डावा हात पाठीवर. गाइडला कळेना, एवढा लांब दांडा असताना ही माणसं वाकतात कशाला.

सगळे हसत होते. मला काही हसू येईना. पहिल्या दिवशी मीही दिवसभर असाच वाकून झाडलं होतं. आमचा मुकादम एक म्हातारा आयरिश. संध्याकाळी त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "सरळ उभा राहा ना बाबा. दांडा लांब कशाला दिलाय? इथं कुणापुढं वाकायचं नाहीये तुला." त्या घटकेला मला वडिलांची पाठ आठवली. आखूड खराट्यानं धनुष्यासारखी झालेली.

मी कडेच्या बाकावरून उठलो. हिनं बाही धरली. "अहो, बसा गप्प. आता या वयात कशाला?"

"सोड," म्हणालो.

मॅडमच्या हातातून झाडू घेतला. आधी उलटा करून केस बघितले. एका बाजूनं झिजलेले, म्हणून दुसरी बाजू पुढं घेतली. मग ताठ उभं राहून, झाडू न उचलता, पुढं ढकलत गेलो. चार हातांत या कडेपासून त्या कडेपर्यंत वाट मोकळी. एक काडी उडाली नाही.

गाइड म्हणाली, तुम्ही हे आधी केलेलं दिसतंय.

नाही म्हणता आलं असतं. हसण्यावारी नेता आलं असतं.

"तीस वर्षं," मी म्हणालो. मराठीत म्हणालो. तिच्यासाठी नव्हतंच ते.

ही खाली बघत होती. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे रस्त्यांचं खातं..."

"तेच. काय काम ते तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

"आणि ती ब्रीफकेस? अहो, बस स्टॉपवर रोज बघायचो मी तुम्हाला. मला वाटायचं कुणी मोठे इंजिनिअर आहात. म्हणून तर कधी आपणहून बोललो नाही!"

"भेंडीची भाजी असायची त्यात," ही म्हणाली. "आणि दोन पोळ्या."

आधी मॅडम हसल्या, मग सगळेच. मीही हसलो. हसता हसता वडील आठवले. एकदा तरी हा लांब दांडा त्यांच्या हातात द्यायला हवा होता.

डॉक्टरांनी पेंढा पायानं पुन्हा पसरला आणि झाडूसाठी हात पुढं केला. "दाखवा परत. ताठ ना?"

"ताठ," मी म्हणालो. "आणि तो हात पाठीवरून काढा आधी."